दार अडलं की निघायचं

तार आली तेव्हा मी शाळेत मुलींना भूगोल शिकवत होते. शिपाई दारापाशी येऊन उभा राहिला. हेडबाईंनी बोलावलंय, एवढेच तो म्हणाला, पण त्याने मान खाली घातली होती. केळखिंड घाटाच्या पायथ्याच्या गावातल्या मास्तरांनी ती तार केली होती. यशवंतराव गेले, न्यूमोनिया, अग्नी दिला. मी तार दोनदा वाचली, हेडबाईंना दिली, वर्गात परत गेले आणि फळ्यावर अर्धवट राहिलेला नकाशा पुरा केला. का केला, ते मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळपर्यंत सिद्धेश्वराच्या तळ्यापासून आमच्या आळीपर्यंत बातमी पोचली. भेटायला आलेला जो तो एकच वाक्य बोले, 'शेवटी डोंगरानंच घेतलं की हो त्यांना.' वाईट वाटूनच म्हणत होते बिचारे. पुढे एका साप्ताहिकात चार ओळी छापून आल्या. त्यात म्हटले होते की कै. यशवंतराव बुद्धिमान होते, परंतु हट्टी स्वभावामुळे सरकारी नोकरीत त्यांना यश लाभले नाही. सुतकात मी काही बोलले नाही. आता सुतक फिटून काही आठवडे झालेत, तेव्हा सांगते. माझ्या भावाला, दादाला, डोंगराने घेतलेले नाही. भिजलेल्या कपड्यांनी कामावर राहिल्यामुळे आणि जवळपास डॉक्टर नसल्यामुळे तो गेला. आणि त्याला यश लाभले नाही हे साफ खोटे आहे. ज्यांना ते यश लाभले ती माणसे आज जिवंत आहेत, चुली पेटवताहेत. त्यांची नावे मी सांगू शकते.

सोलापूरच्या माणसाने डोंगराच्या मागे लागावे हेच मुळात लोकांना चमत्कारिक वाटे. आमच्याकडे उंच म्हणजे गिरण्यांची धुराडी. बाकी नजर जाईल तिकडे सपाट, आणि उन्हाळ्यात त्या सपाटीवर थरथरणारी झळ. आमचे अप्पा हायस्कुलात संस्कृत शिकवत. घरात कुणी कधी कुदळ हातात धरली नव्हती. पण करकंबला आमच्या मामांची शेती होती. दादा बारा-तेरा वर्षांचा असताना तिथे नवी विहीर खोदत होते. एका सकाळी विहिरीची एक बाजू आत बसली आणि मामांचा गडी रामा तिच्याखाली गेला. त्याला काढेपर्यंत काही उरले नव्हते. मी फार लहान होते. मला फक्त रामाच्या बायकोचा आवाज आठवतो. मोठी माणसे म्हणाली, त्याचं भरलं होतं, दुसरं काय. दादा मात्र मामांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की काल त्या बाजूनं पाणी पाझरत होतं, मी पाहिलं होतं, तुम्हीही पाहिलं होतंत, मग त्याला खाली का उतरवलंत? मामांनी त्याच्या थोबाडीत दिली. दादाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. आईने ओढून आत नेले तेव्हा तो थांबला. आई म्हणायची, त्या दिवसापासून हा पोरगा कुणाच्या हातचा राहिला नाही.

पुण्याला जाऊन तो ओव्हरसियर झाला. सुरुवातीची वर्षे सोलापूर जिल्ह्यातच, नातेपुत्याकडचे रस्ते आणि मोऱ्या करण्यात गेली. त्याचे लग्न झाले, वहिनी इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली, मूलबाळ नव्हते. त्याने पुन्हा लग्नाचा विषय काढू दिला नाही. माझेही लग्न झाले होते, आणि ते वर्षभरातच संपले. मी माहेरी परत आले तेव्हा काका आणि दोन आत्या माझे पुढे काय करायचे ते ठरवायला बसल्या होत्या. दादा बाहेरून आला, पायातल्या वहाणाही न काढता म्हणाला, 'ठरलंय. कमल ट्रेनिंग कॉलेजात जाणार. मी फॉर्म भरून आलोय.' काका म्हणाले, लोक काय म्हणतील. दादा म्हणाला, 'म्हणू देत.' पुढे आयुष्यभर त्याच्या तोंडी हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले की आज ही ओळ लिहितानाही मला ते ऐकू येताहेत...

मग त्याची बदली केळखिंडीला झाली. देशावरून कोकणात उतरणारा घाट तो, मोठ्या घाटांपुढे लहानसाच. पण मोटारलॉऱ्या सुरू झाल्या होत्या आणि खात्याला रस्ता रुंद हवा होता. मी सुट्टीत आईला घेऊन तिथे गेले तेव्हा पहिल्यांदा डोंगर जवळून पाहिला. रस्त्याच्या वर गवताचा लांबलचक उतार, आणि रस्त्याच्या खाली एका सोंडेवर वीस-पंचवीस घरांची दांडवाडी. दादा आम्हाला उतारावर घेऊन गेला. वर गवतात एक भेग होती. माझा हात मनगटापर्यंत आत जाई, एवढीच. तिच्या दोन्ही अंगांना त्याने खुंट्या ठोकल्या होत्या आणि एका खुंटीपासून दुसरीपर्यंत सुतळी लावून तो रोज सकाळी अंतर मोजे. खाली रस्त्याच्या भिंतीला जिथे तडा गेला होता तिथे त्याने चुन्याची पट्टी लिंपली होती. तडा वाढला तर चुना आधी तुटेल आणि आपल्याला कळेल, असे त्याने सांगितले. आईने विचारले, 'अरे, पण हा एवढा मोठा डोंगर, तू सुतळीनं धरणार आहेस का?' दादा हसला. म्हणाला, 'धरायला नाही गं. विचारायला. तो कुठं निघालाय ते तर कळायला हवं.'

या उताराला धोका पाण्याचा होता, हे तो मला त्या सुट्टीत तऱ्हेतऱ्हेने समजावत राहिला. माती एरवी स्वतःला धरून असते. पाणी आत मुरून कातळापाशी साचले की माती खालून सुटते, आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून माथ्यावर चर खणून पाणी बाजूला काढायचे, जिथे पाझर असेल तिथे खोल खणून दगड भरायचे म्हणजे पाणी आत न साचता वाहून जाते, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पायथ्याला हात लावायचा नाही. उताराचा पायथा हा सगळ्या उताराचा टेकू असतो. आणि कंत्राटदार नेमका तिथेच, वाडीच्या एका अंगाला, रस्त्यासाठी दगड फोडत होता. तिथला दगड चांगला होता आणि वाहतूक वाचत होती. दादाने वर कळवले, पुन्हा कळवले. उत्तर आले की काम वेळेत पुरे व्हावे.

पुढच्या आषाढात काय झाले ते मला यल्लव्वाने सांगितले. यल्लव्वा ही आमच्या सोलापूरची. वडारांच्या टोळीची मुकादम, नवरा वारल्यावर टोळी तिनेच सांभाळलेली. दादाने तिला आणि तिच्या माणसांना दगडकामासाठी घाटात नेले होते. ती त्याला अण्णा म्हणे. झड लागली होती, आणि एका सकाळी सुतळी पुरेना. भेग एका रात्रीत वाढली होती, चुना तुटला होता आणि वाडीतला झरा गढूळ आला होता. दादाने टोळीच्या दोन बैलगाड्या रस्त्यावर आडव्या घातल्या आणि वाहतूक बंद केली. मग तो दांडवाडीत उतरला आणि घरोघर सांगितले की गुरं-पोरं घेऊन समोरच्या टेपावर, त्या उंचवट्यावर, चला. भाताची रोपे लावणीला आली होती. लोक कुरकुरत, शिव्या देत निघाले. दुपारी वरिष्ठ साहेबांची मोटार गाड्यांपाशी येऊन थांबली. साहेब खाली उतरले आणि कुणाच्या हुकमावरून रस्ता बंद केलात, असे विचारले.

'माझ्या,' दादा म्हणाला.

'आणि दरड पडलीच नाही तर?'

'तर बरं झालं.'

यल्लव्वा हे सांगताना दर वेळी पदर तोंडाला लावून हसायची. पण त्या वेळी कुणी हसले नव्हते. दरड पडली नाही. पाऊस ओसरला, भेग तशीच राहिली, मोटारी सुरू झाल्या. वाडीची लावण चुकली, रोपे कुजली, टेपावर उघड्यात राहून कितीतरी जण तापाने आजारी पडले. सखू म्हणून एक बाई होती, नवरा मुंबईला गोदीत, दोन पोरे, एकटीची शेती. ती दादाच्या पुढ्यात थुंकली. कंत्राटदाराने गावभर सांगितले की सोलापूरचा भित्रा बामण ढग बघून पळतो. खात्याने दादाला तात्पुरते कामावरून दूर केले आणि लेखी खुलासा मागितला. आपला अंदाज चुकला, अकारण घबराट पसरवल्याबद्दल दिलगीर आहे, एवढे लिहिले की प्रकरण मिटणार होते. स्वतः साहेबांनीच तसे सुचवले होते, आणि मला वाटते त्यात त्यांची काही वाईट बुद्धी नव्हती. आई त्याच्या पाया पडायला निघाली होती. दादाने लिहिले की अंदाज चुकला असेल, मोजमाप चुकलेले नाही, आणि खुंट्या पुन्हा सरकल्या तर मी पुन्हा रस्ता बंद करीन. त्यानंतर नोकरी राहणे शक्यच नव्हते.

तो सोलापूरला परत आला आणि एका औद्योगिक शाळेत मुलांना नकाशे काढायला आणि जमीन मोजायला शिकवू लागला. तिथून चालत घरी येताना देवळापाशी बसलेली मंडळी त्याला हटकायची. 'काय यशवंतराव, डोंगर पडला का?' तो न थांबता उत्तर द्यायचा, 'अजून नाही. प्रयत्न चालू आहेत.' ते हसायचे. त्यांना वाटायचे त्याने थट्टा केली. तो अक्षरशः खरे सांगत होता. पडू नये म्हणून त्याचे प्रयत्न खरोखरच चालू होते. पुढच्याच उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागल्याबरोबर तो यल्लव्वाला घेऊन केळखिंडीला गेला. रस्ता आणि रस्त्याकडेची पट्टी सरकारची होती, पण वाडीच्या वरचा गवताचा उतार दांडवाडीच्या लोकांचा, त्यांच्या मालकीचा. तिथे चर खणायला खात्याची परवानगी लागत नव्हती. वाडीची मात्र लागत होती, आणि वाडी त्याचे तोंड बघायला तयार नव्हती.

त्या वर्षी मीही बरोबर होते. आम्ही वाडीत शिरलो तेव्हा सखू अंगणात भांडी घासत होती. तिने वर पाहिले आणि म्हणाली, 'परत कशाला आलास? तुझ्यापायी माजं वरीस गेलं.'

दादाने मान हलवली. 'गेलं. ते मी भरून देऊ शकत नाही. पण पुढच्या वेळी सांगीन तेव्हा पुन्हा उठायचं.'

'आनि पुन्हा न्हाई पडला मंजे?'

'तर पुन्हा मला शिव्या द्यायच्या. पण टेपावर बसून द्यायच्या.'

सखूने उरलेली भांडी घासली. मग तिने हात धुतले, आणि तो चर कुठे खणायचा म्हणतोस ते दाखव, असे म्हणून आमच्या पुढे चालायला लागली. तिला काय पटले ते मला तेव्हा कळले नाही. पुढे खूप वर्षांनी तिनेच सांगितले. शिव्या खाऊन परत आलेला माणूस तिने त्याआधी पाहिला नव्हता.

त्यानंतरचे उन्हाळे म्हणजे माझ्या आयुष्यातले सगळ्यात कष्टाचे आणि सगळ्यात आनंदाचे दिवस. सकाळी टोळी आणि वाडीची माणसे मिळून खणत. दुपारी करवंदीच्या जाळीखाली भाकरी खाऊन आडवे व्हायचे, आणि उन्हे कलली की पुन्हा. माथ्यावर चर झाला. पाझराच्या जागी दगड भरले. उतारावर आडव्या ओळींनी वाळा लावला, कारण वाळ्याची मुळे सरळ खोल जाऊन माती धरतात. वाडीच्या वरच्या अंगाला माती अडवणारी आधाराची भिंत बांधायची होती आणि तिच्यावरून यल्लव्वा आणि दादा दोन दिवस भांडत होते. भिंतीत ठिकठिकाणी भोके ठेवायची, असे दादा म्हणत होता. यल्लव्वाने उभा जन्म दगडाला दगड असा बसवला होता की मधून मुंगी जाऊ नये. ती म्हणाली, 'भोकाची भिंत कोन बांधतंय अण्णा? सोलापुरात हसतील की मला.' दादा म्हणाला, 'मलाही हसतात. आपण दोघं मिळून ऐकून घेऊ.' तिने रागारागाने भोके ठेवली. पुढच्या पावसाळ्यात त्या भोकांतून स्वच्छ पाण्याच्या धारा लागल्या तेव्हा ती भिजत उभी राहून बघत होती म्हणे. ते पाणी मागे कोंडले असते तर भिंतीसकट खाली आले असते हे तिला कुणी सांगावे लागले नाही.

पण दादाचा खरा भर खणण्यावर नव्हता. आपण सोलापूरला असतो, डोंगर इथे आहे, असे तो म्हणे. म्हणून त्याने वाडीला बघायला शिकवले. भेगेवरची सुतळी रोज पाहायची. झरा गढूळ झाला का पाहायचे. सरळ वाढलेले झाड कललेय का पाहायचे. आणि सगळ्यांत सोपे म्हणजे घराचे दार. जमीन सरकायला लागली की चौकट वाकते आणि नीट लागणारे दार अडायला लागते. 'दार अडलं की निघायचं,' तो सांगे. 'मला विचारायचं नाही, सरपंच-पाटील कुणाला विचारायचं नाही. दार अडलं की निघायचं.' बायका हसत. पोरांनी त्याचे गाणे करून टाकले होते.

आणि मग ते वर्ष आले. श्रावणात दादा हिवतापाने घरी पडला होता. मी शाळेतून येताना वर्तमानपत्र आणले आणि तो अंथरुणात पडल्या पडल्या वाचत होता. आतल्या पानावर दोन ओळी होत्या. केळखिंड घाटात दरड कोसळून वाहतूक बंद पडली असून पायथ्याची एक वाडी गाडली गेली आहे. त्याने ते मला वाचायला दिले आणि भिंतीकडे तोंड केले. त्याच्या अंगात ताप होता. मी म्हटले, तू नको येऊस, मी जाते. तो उठला आणि सदरा घालायला लागला. आम्ही मिळाली ती गाडी धरली. गाडीत तो एकच बोलला, 'सखूची मोठी मुलगी या वर्षी न्हाती झाली असती, नाही?' त्याने सगळ्यांना मेलेले धरले होते, आणि मीही.

रस्ता बंद असल्यामुळे शेवटचा भाग पायी होता. त्याला धरून धरून मी नेत होते. वळणावरून उतार दिसला आणि माझे पाय थांबले. कंत्राटदाराच्या खाणीपासून सुरुवात होऊन डोंगराची एक बाजू सरळ खाली आली होती. लाल चिखल, त्यात उलटी झाडे, आणि वाडीची जवळजवळ अर्धी घरे होती त्या जागी काहीच नाही. दादा माझा हात सोडवून पुढे निघाला. तेवढ्यात समोरच्या टेपावर धूर दिसला. चुलींचा धूर. माणसे होती, गुरे होती, पोरे पळत होती. सखू खाली उतरत आली. चिखलाने माखलेली, डोक्यावर घोंगडी.

'सायेब,' ती म्हणाली, 'दार लागंना. म्हनून उटलो.'

दादाने विचारले, 'सगळे?'

'समदे. मोजून घेतले मी. एक म्हातारा यायला तयार नव्हता, त्याला बाजंसकट उचलला.'

दादा तिथेच चिखलात खाली बसला. त्याला थंडी भरून आली होती, का आणखी काही, मला कळले नाही. सखूने आपली घोंगडी काढून त्याच्या अंगावर घातली आणि त्याच्याशेजारी बसून राहिली... आम्ही सोलापूरहून निघालो तेव्हापासून मी रडले नव्हते, ती तिथे रडले.

आता इथून पुढचे लोक सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. चौकशी झाली. दादाला साक्षीला बोलावले. खाणीने पायथा कापला आणि उताराचा टेकू गेला, हे त्याने सांगितलेच. कंत्राटदाराच्या वकिलाने विचारले की वर तुम्ही खणलेला चर फुटला नव्हता का? दादा म्हणाला, फुटला होता. त्या बाजूला तो उथळ होता, फुटून त्याचे पाणी उतारात शिरले, त्यामुळे दरड लवकर आली असेल. खोलीत कुजबुज झाली. आमच्या बाजूच्या एका सज्जन गृहस्थांनी बाहेर आल्यावर कपाळाला हात लावला. हे कशाला बोललात, सगळं त्यांच्या हातात दिलंत, असे ते म्हणाले. दादा त्यांना म्हणाला, 'माझी चूक झाकून त्यांची कशी दाखवू? आणि पुढचा चर खोल खणायचा हे तरी कुणाला कळणार?' अहवालात दोष कुणालाच दिला गेला नाही. अतिवृष्टी, असे म्हटले होते. वेळीच खबरदारी घेतल्याने जीवितहानी टळली, असेही म्हटले होते. ती कुणी घेतली ते लिहिलेले नव्हते. ते मी इथे लिहिते. ती सखूने घेतली, आणि तिला ती घ्यायला माझ्या भावाने शिकवले.

खाण बंद झाली. गाडल्या गेलेल्या घरांऐवजी टेपावर नवी घरे उभी राहिली. पण उताराची दुसरी बाजू अजून उभी होती आणि तिच्या खाली उरलेली घरे, रस्ता, रस्त्यावरून जाणारी माणसे. दादाने शाळा सोडली आणि वाडीतच राहायला गेला. टेपावर सखूच्या घराला लागून त्याने एक खोली बांधून घेतली. ती बांधताना दार रस्त्याकडे न ठेवता डोंगराकडे ठेवले, म्हणून गवंडी नाराज होता. मी सुट्टीत जाई. यल्लव्वा आता म्हातारी झाली होती, तिची सून टोळी घेऊन येई, पण यल्लव्वाही येऊन बसे आणि बसल्या बसल्या सगळ्यांच्या चुका काढी. नवा चर खोल झाला, कंबरेएवढा, तळाला दगड घातलेला. या वर्षी आषाढात त्याच चरात एक झाड पडून पाणी तुंबले. दादा वाडीतल्या माणसांबरोबर ते काढायला गेला. झाड निघाले, पाणी वाहते झाले. तो भिजलेल्या अंगाने दुपारपर्यंत तिथेच उभा राहिला, आणि पुढे आठवड्याने ती तार आली.

मी गेल्या पंधरवड्यात केळखिंडीला जाऊन आले. सखू मला त्याच्या खोलीत घेऊन गेली. खोलीत बाज, कंदील, खुंटीवर बुरशी आलेला कोट. वस्तू म्हणून घेण्यासारखे काही नव्हते. मी म्हटले, खोली तुम्ही वापरा, कुणाला तरी द्या. ती म्हणाली, 'वापरतोयच की ताई. सकाळी उटलं की हितं येऊन बसती मी. दार उगडलं की समदा उतार दिसतोय.' मी रात्री तिथेच झोपले. सकाळी जाग आली तेव्हा दार उघडे होते आणि सखू उंबऱ्यावर बसून वर बघत होती. दोन पोरी आल्या, भेग तेवढीच आहे म्हणून सांगून गेल्या. मग कुणीतरी चहा आणला.

आम्ही चहा पीत असताना खालून आवाज आला. रस्त्यावर दोन माणसे दुर्बीण आणि साखळी घेऊन आली होती आणि पायथ्याच्या दगडांवर चुन्याने खुणा करत होती. खाण पुन्हा सुरू व्हायची होती, जुन्या जागेच्या जरा पलीकडे. यशवंतराव गेल्याची बातमी बहुधा तिथेही पोचली असावी. सखू उठली, तिने हाक मारली आणि घराघरातून बायका बाहेर आल्या. आम्ही सगळ्या खाली उतरलो. त्या दोघांतला एक जण तसा भला वाटला. तो म्हणाला की आम्ही हुकमाचे ताबेदार, मोजणी तेवढी करतोय. सखू म्हणाली, 'मोजा की. पन हितला दगड निघनार न्हाई.' त्याने विचारले, हे कोण सांगतंय? सखूने वळून माझ्याकडे पाहिले. मी पुढे होऊन माझे नाव सांगितले, शाळेचे नाव सांगितले, आणि म्हटले की वर कळवायचे असेल तर असेच कळवा. मग दोन बायकांनी ओढ्यातून पाणी आणले आणि चुन्याच्या खुणा धुऊन काढल्या. ते दोघे बघत उभे राहिले.

हे लिहिते आहे तेव्हा हेडबाईंकडे माझा रजेचा अर्ज पडून आहे. त्यांनी मला बोलावून विचारले, किती दिवसांची रजा? मी म्हटले, ते डोंगरावर आहे. यल्लव्वाला चालवत नाही, तर ती गाडीत बसून येणार आहे. तिच्या सुनेने चरासाठी पहारी लोहाराकडून धार लावून आणल्यात. काल संध्याकाळी देवळापाशी बसलेल्या मंडळींनी मलाही हटकले. म्हणाले, कमलाबाई, भाऊ गेला, आता तुम्ही कशाला त्या डोंगराच्या नादी लागता, लोक काय म्हणतील?

मी थांबले नाही. चालता चालताच म्हटले, दादाच्या खोलीचे दार उघडे आहे, कुणाला यायचे असेल तर या. पहारी जास्तीच्या आहेत.